मारव्यातला विलंबित गाळू नका

मारवा रागाच्या रेकॉर्डवरच्या या चर्चेत वर एकांनी सुचवलंय, की गायक अमीर खाँसाहेबांच्या मारव्यातला विलंबित (सुरुवातीचा संथ लयीतला भाग) फार रेंगाळतो, थेट द्रुतावर, म्हणजे नंतरच्या जलद भागावर जा. मला हे अजिबात पटत नाही. झुमरा तालातली 'पिया मोरे अनत देस' ही विलंबित बंदिश हाच त्या रेकॉर्डचा गाभा आहे. कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) या स्वरांवर ते इतके रमतात, की षड्ज, म्हणजे मूळ 'सा', आपणच मनात शोधू लागतो; तो येतो आणि लगेच सुटतोही. ही हुरहुर अंगात भिनू द्या, नाहीतर 'गुरु बिन ग्यान न पावे' ही द्रुत बंदिश नुसती जलद वाटेल.

आणि गायक वसंतराव देशपांड्यांच्या मारव्याचा विषय इथे कुणीच कसा काढला नाही? लाहोरला असद अली खाँकडे ते हाच राग शिकले. आम्हा नागपूरकरांना ते घरचे, सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. पण ती आपुलकी बाजूला ठेवूनही सांगतो, त्यांच्या ताना कुठे वळतील याचा अंदाज येत नाही, आणि तरी मारव्याची बेचैनी तसूभरही कमी होत नाही.

हे दोन्ही मारवे हेडफोन लावूनच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तानपुरा हरवतो, आणि त्याच्याशिवाय मारव्यातला तणाव कळत नाही.