दुसरं उत्पन्न नसेल तर राजकारणात पूर्णवेळ उतरावं का?

रानवारा:
गावापासूनच बोलू. सप्टेंबर 2024 मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावात महिन्याला 6,000 आणि आठ हजारांच्या वर 10,000. लहान गावात पाच वर्षांचे झाले 3 लाख 60 हजार. यात घर चालत नाही हे अर्ज भरतानाच ठाऊक असतं. तरीही पॅनल उभी राहतात, आदल्या रात्री पाकिटं फिरतात, आणि तो पैसा पुढे गावाच्या कामांतून वसूल होतो. ज्याचं पोट पदावर अवलंबून, त्याला नाही म्हणता येत नाही. आधी शेती, दुकान, नोकरी काय ते पक्कं करा, मग या.

उत्तरा:
साफ अमान्य. दुसरं उत्पन्न पक्कं असलेला माणूस गावात कोण असतो? वाळूवाला, क्रशरवाला, सिमेंटचा डीलर. ज्याचा पंचायतीशी थेट व्यवहार, नेमका तोच तुमच्या नियमात बसतो. 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. राखीव जागेवर निवडून आलेली शेतमजूर बाई पंचायत समितीच्या बैठकीला तालुक्याला गेली की तिची दिवसाची मजुरी बुडते. तिनं काय करायचं, राजीनामा द्यायचा?

लेखाशीर्ष:
वसुली कुठून होते ते पाहिलं तर दोघांचेही मुद्दे तपासता येतील. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) दोघांच्या डिजिटल सहीनं खर्ची पडतो. बऱ्याच गावांत सरपंचाचं डिजिटल सहीचं डोंगल पासवर्डासकट दुसऱ्याच्याच खिशात असतं, तिथं दुसरी सही नावालाच उरते. मग एका रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली, म्हणजे ज्या रकमेवर ऑनलाइन निविदा काढावीच लागते तिच्या आत, बसवतात. मोजमाप पुस्तिकेत काँक्रीटची जाडी पूर्ण, प्रत्यक्षात कमी. एकदा बिल निघालं की रस्त्याला भोक पाडून नमुना (कोअर) काढल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, म्हणून काँक्रीट ओतण्याआधी, फर्मे लावलेले असतानाच, टेप लावून फोटो घ्यावेत.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार पंचायतीच्या कामात हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. ठेका मेहुण्याच्या नावावर जातो तो यामुळेच. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना नुसतं नातं दाखवून भागत नाही, त्या कामात सदस्याचा हितसंबंध असल्याचा पुरावा लागतो. या सगळ्यात श्रीमंत सरपंच आणि गरीब सरपंच असा फरक मला दिसत नाही.

रानवारा:
फरक आहे. कर्ज काढून निवडून आलेल्यावर पहिल्याच बिलाला दबाव येतो.

उत्तरा:
मग कर्ज का काढावं लागतं ते विचारा. 1905 मध्ये गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. सभासदानं स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही, त्याच्या कुटुंबाची तजवीज संस्था करणार, आणि आधी पाच वर्षं शिक्षण. डाव्या पक्षांतही होलटाइमरला, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्त्याला, पक्ष मानधन देतो आणि निवडून आलेल्याकडून त्याच्या मानधनातला वाटा (लेव्ही) घेतो. पोटापाण्याची सोय उघडपणे केली तर पूर्णवेळ राजकारण स्वच्छ राहू शकतं, याला हाच आधार.

लेखाशीर्ष:
आज बहुतेक पक्षांत कार्यकर्त्याला पक्ष काही देत नाही. गाडीचं डिझेल, पोरांची फी आमदार बघतो, म्हणून निष्ठाही आमदारापुरती. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख आहे, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. तिथे ओतायला पैसा आहे, वर्षभर राबणाऱ्याच्या पगाराला नाही.

रानवारा:
पक्षानं ताळेबंदात दाखवून, बँकेतून पगार दिला तर माझा विरोध मावळेल. तोवर नाही. विधानसभेच्या शपथपत्रात, नमुना 26 मध्ये, उमेदवाराचं आणि जोडीदाराचं पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न असतं, उत्पन्नाचे स्रोतही असतात. लागोपाठच्या दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा. पेशा ‘समाजसेवा’, आणि जमिनीचे गट नंबर वाढलेले. त्या वाढीचा हिशेब पाच वर्षांच्या उत्पन्नात बसत नसेल तर मत मागायला दारात आल्यावर सगळ्यांसमोर विचारा.

उत्तरा:
विचारूच. पण मजूर बाईच्या बुडालेल्या मजुरीचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. बैठकीच्या दिवसाला किमान वेतनाइतका भत्ता, तोही बैठकीनंतर आठवड्याच्या आत. याला तुमची हरकत आहे का?