मदत हवी आहे: वादळात पडलेल्या ऐनाचे वासे छपराला चालतील का?

नमस्कार मंडळी,

आमचं कौलारू घर दापोली तालुक्यात आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात परड्यातले दोन मोठे ऐन मुळासकट आडवे झाले. ऐन 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतो, म्हणून बाबांनी रीतसर परवानगी काढली आणि मग वासे नि थोड्या फळ्या कापून आणल्या. गोठ्याच्या माळ्यावर, मध्ये चिपा घालून, वारा खेळेल अशा रचल्या. "छप्पर बदलू तेव्हा हेच घालायचं," म्हणायचे. गेल्या वर्षी बाबा गेले. आता पावसाच्या आत छप्पर उतरवायचंय आणि सुतार म्हणतो, "ऐन वाकतो, खिळा घेत नाही. सरपणाला घाला, साग आणा."

पण आमचं जुनं आढं ऐनाचंच आहे, आजोबांच्या वेळचं, आणि आजही टणक आहे. म्हणून मन मानत नाही.

वासे 22 आहेत. बहुतेकांची टोकं वीतभर चिरली आहेत, दोघांची चीर हातभर आत गेली आहे. कडेच्या फिकट भागात बारीक भोकं आहेत, त्यातून पिठासारखा भुगा पडतो. आतल्या तपकिरी गाभ्यात काही दिसत नाही. हे वापरावं का? भुंगा आढ्याला लागेल का? फळ्यांची चौकट होईल का?

रंधा:
सरपणाला अजिबात घालू नका. सुतार म्हणतो ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. ऐन वाळताना चिरतो आणि पीळ घेतो, हा त्याचा स्वभावच. पण तुमचं लाकूड इतकी वर्षं सावलीत वाळलंय, त्याला जे वाकायचं ते वाकून झालं. सागाचा घनफूट साधारण 18-19 किलो भरतो, ऐनाचा 24-25. त्यामुळे खिळा थेट ठोकला की वाकतो नाहीतर लाकूड फुटतं. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडायचं.

भुगा पाडणारा किडा फिकट भागातल्या स्टार्चवर जगतो. गाभ्यात त्याला खायला नसतं, म्हणून तो तिथे शिरत नाही. फिकट कड तासून जाळून टाका. कड काढल्यावर वासा फार बारीक होत असेल तर तो रिपांना, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना घ्या. मग बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी दोनदा लावा. छपराखाली पाऊस लागत नाही, तिथे ते टिकतं.

चौकटीला मात्र माझा नकार. पावसाळ्यात ऐन फुगतो, दार अडकतं. तिथे साग किंवा फणस घ्या.

कौलारू:
भुगा जुना की ताजा ते आधी बघा. वासे झटकून खाली काळा कागद पसरा, आठवडाभराने उचला. कागद स्वच्छ राहिला तर किडा बहुधा मेलाय, पण पुढेही लक्ष ठेवा. आणि वासा भिंतीवर टेकतो तिथे डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल लावा. वाळवीला आमच्याकडे तेच चालतं. हातमोजे घालूनच, त्या तेलाने कातडी भाजते.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आठवडाभर कागद ठेवला होता. फक्त तीन वाशांखाली भुगा पडला. ते तीन आणि हातभर चिरलेले दोन बाजूला काढले. उरलेल्या 17 ची कड तासायला सुतार आता तयार झालाय, भोकं पाडायलाही. पाच वासे कमी पडताहेत. सॉ मिलमध्ये किंजळाचं लाकूड मिळतंय, ते ऐनाबरोबर मिसळलं तर चालेल का?

रंधा:
चालेल, कोकणात कित्येक घरांत दोन्ही एकत्र आहेत. फक्त ओलं घेऊ नका, एका रांगेतला एकच वासा पुढे आक्रसला की कौलं सरकतात. आणि त्या दोन चिरलेल्यांची टोकं कापून बघा. पडवीचं छप्पर उतरतं असेल तर तिथे आखूड वासा लागतोच.