मदत हवी आहे: लालबागची गावकीची खोली गेली, तात्यांनी जायचं कुठे?

गिरणगावकर_७९

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय.

माझे मोठे चुलते, तात्या, वय ७१. गाव गुहागर तालुक्यातलं आणि लालबागला आमच्या वाडीच्या मंडळाची खोली, १० बाय १२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गिरणगावात अशा गावकीच्या खोल्या ढिगाने होत्या, बायकापोरं गावाला आणि पुरुष इथे, कोण पहिल्या पाळीला कोण तिसऱ्या, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची, जेवण खानावळीत, माणशी एक खुंटी आणि एक पत्र्याची पेटी. संपाआधी आमच्या खोलीत पंचवीसेक जण असायचे म्हणे. आता ९ उरले होते, महिना ३०० रुपये माणशी. लालबागला ३०० रुपयांत आज बाइकपण कोणी लावू देणार नाही.

तात्या गिरणीत बदली कामगार होते, ८२ च्या संपात काम गेलं ते गेलंच, मग आयुष्यभर वॉचमनकी. लग्न केलं नाही. गावाला चला म्हटलं तर म्हणतात तिथे मला आता ओळखतो कोण.

तर चाळ सेसची, म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणारी, १९४० च्या आधीची. पावसाळ्याआधी अतिधोकादायकच्या यादीत आली, खोल्या खाली झाल्या, बिल्डर दुसरीकडे राहायचं भाडं देतो. पण देतो कुणाला? भाडेपावती मंडळाच्या जुन्या खजिनदारांच्या नावावर, तेव्हा विश्वासाने लावलेली, ते जाऊन १४ वर्षं झाली. त्यांचा मुलगा विरारला राहतो, या खोलीत एक रात्र झोपला नसेल, त्याने वारस म्हणून कागद केले, करारावर सही केली आणि भाडं त्याच्या खात्यात. मंडळाच्या मीटिंगला आला आणि सांगून गेला, खोली आमच्या बापाची.

झालं, नऊ जण नऊ दिशांना. तात्या आठवडाभर ड्युटीवरच्या केबिनमध्ये झोपले, कमिटीवाल्यांनी हरकत घेतली, आता एका देवळाच्या ओट्यावर असतात. माझं डोंबिवलीला वन रूम किचन, आम्ही पाच माणसं, तरी घेऊन आलो होतो, तिसऱ्या दिवशी न सांगता निघून गेले.

विचारायचं हे, की मंडळाला या खोलीवर काही हक्क सांगता येतो का? आणि तोवर तात्यांची सोय कुठे होईल?

चाळकरी

मंडळ रजिस्टर आहे का ते आधी बघा. आणि १३ जून १९९६ ही तारीख लक्षात ठेवा, ३३(७), म्हणजे सेसच्या इमारती पाडून नव्या बांधायचा नियम, त्यात त्यानंतरचे नवे भाडेकरू मोजत नाहीत, म्हणजे एक पावती एक खोली, नऊ जणांना नऊ घरं विसरा. पण ती एक खोली कोणाची यावर भांडता येतं. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ७(१५): भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर तेव्हा राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू, तसा कोणी नसेल तर वारस, आणि वारसांचं एकमत नसेल तर कोण ते कोर्ट ठरवतं. मुलगा विरारला होता हे तुमच्या बाजूने, पण तेवढ्याने खोली मंडळाची होत नाही. खरा भाडेकरू मंडळच होतं हे लघुवाद कोर्टात सिद्ध करावं लागेल. अवघड आहे, खोटी आशा लावत नाही.

फटकळ_आजोबा

१२० फुटांत २५ माणसं, त्याचं काय एवढं कौतुक? बरं झालं संपलं.

पेडणेकर

आजोबा, ओट्यापेक्षा बरंच होतं की. आमच्या गोव्याच्या लोकांचे कुड्ड होते धोबीतलावला, बोटीवर जाणारे उतरायचे, सेम पेटी सेम खुंटी. आणि समजा केस जिंकलात, ३०० फुटांचा फ्लॅट मिळाला, तरी लिफ्टवाल्या टॉवरमध्ये नऊ सडे पुरुष राहू देतील का हो? मेंटेनन्स कोण भरणार? हेपण बोलून घ्या मंडळात.

सुगरण_सावंत

तात्यांच्या सोयीचं बोला आधी. वॉर्ड ऑफिसमध्ये बेघर निवाऱ्याची चौकशी करा, शहरात लाख वस्तीमागे एक, चोवीस तास उघडा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. जागा मिळेलच असं नाही, पण आधार कार्ड घेऊन जा. आणि गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म भरला होता का? १ जानेवारी १९८२ ला हजेरीपटावर असलेले पात्र धरतात.

गिरणगावकर_७९

सगळ्यांचे आभार. मंडळ रजिस्टर नाही. फॉर्म भरलाय, नंबर लागलेला नाही. निवाऱ्याला तात्या साफ नाही म्हणाले, मी काय भिकारी आहे का. पेडणेकर, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे.

पण काल त्यांची पेटी उघडली, त्यात मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या, १९७१ पासूनच्या, कडा वाळवीने खाल्ल्यात. दर महिन्याला कोणी किती दिले, मालकाला भाडं किती गेलं, सगळं. आणि ८९ च्या वहीत खुद्द त्या खजिनदारांच्या हातचं, 'खोलीभाड्यापोटी मंडळाकडून मिळाले' आणि खाली सही. तात्या सही बघून एवढंच म्हणाले, अक्षर चांगलं होतं माणसाचं.

झेरॉक्सवाला म्हणाला पानं तुटतील, म्हणून मोबाईलवर फोटो काढतोय, ६४ झालेत. चाळकरी, कोर्टात फोटो चालतात की मूळ वहीच लागते?