बियाणं बोगसच असेल असं नाही
दादा, 'सूत्रकृमी-प्रतिकारक म्हणून घेतलेल्या टोमॅटोच्या मुळ्यांना गाठी आल्या, बियाणं बोगस' असं लिहिलंय तुम्ही. जरा थांबा. सूत्रकृमींना (मुळांत शिरून गाठी करणाऱ्या बारीक कृमींना) या वाणांचा प्रतिकार बहुतेक वेळा एकाच जनुकावर उभा असतो, एमआय. पेरूकडच्या (देश हो, फळ नव्हे) जंगली टोमॅटोतून 1940च्या दशकात ते संकर करून आणलं. पण मातीचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की ते ढेपाळतं. आमच्या वाळव्यात थंडीतल्या प्लॉटची मुळं स्वच्छ निघाली. त्याच वाणाचं झाड एप्रिलअखेर उपटलं तर मुळ्या हळकुंडासारख्या! गंमत म्हणजे हेच जनुक मावा आणि पांढऱ्या माशीलाही थोडंफार रोखतं. तुमची लागवड कधीची होती? मल्चिंग (वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक) काळं होतं का? म्हणजे माती किती तापली असेल त्याचा अंदाज येईल.