मदत हवी आहे: मधली भिंत काढावी की नाही, आणि काम चालू असताना सहा जणांचा स्वयंपाक कसा निभवायचा? (नागपूर)

ओसरी

नमस्कार मंडळी. सल्ला जरा लवकर हवा आहे. मिस्त्री संक्रांतीनंतर यायला तयार आहे आणि होळीची पुरणपोळी नव्या ओट्यावरच लाटायची, असं घरात ठरलं आहे.

घर मानेवाड्याकडे, १९८६ चं बांधकाम, वर एक मजला. स्वयंपाकघर १० फूट बाय ९ फूट, खिडकी पश्चिमेला. त्याला लागून जेवणाची खोली, १२ बाय ११. घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, तरी पोळ्या त्याच लाटतात. अडचण एकच. आत जो उभा असतो तो एकटा पडतो. गरम पोळी वाढायला सारखी उठबस, आणि शेवटचं ताट नेहमी एकटीचं.

म्हणून मधली भिंत काढायचं मनात आहे. मिस्त्री म्हणतो, काही होत नाही, दोन दिवसांत पाडून देतो. ऐकावं का? ओटा किती उंच ठेवावा? (सासूबाई ४ फूट ११ इंच, मी ५ फूट ५.) आमच्याकडे तर्रीची भाजी आणि मिरचीची फोडणी रोजची आहे, मोकळं केलं तर ठसका घरभर जाईल का? आणि २५ दिवस स्वयंपाकघर बंद असताना ओसरीत एका शेगडीवर काय काय करता येईल? बाहेरचा डबा लावायचा नाही.

रेतीगिट्टी

ताई, मिस्त्रीला आधी थांबवा.

त्या काळातली आपल्याकडची बरीच घरं कॉलमवर नाही, भिंतींवर उभी आहेत. दाराच्या चौकटीजवळ प्लास्टरसकट भिंतीची जाडी मोजा. साडेपाच इंचांच्या आसपास असेल तर ती बहुधा आडभिंत आहे, म्हणजे नुसती खोल्या वेगळ्या करणारी. दहाच्या पुढे असेल तर नऊ इंची वीटकाम, म्हणजे स्लॅब तिच्यावर टेकलेला असणार असंच धरून चाला. मग वर जाऊन पाहा, त्याच रेषेत वरच्या मजल्याची भिंत आहे का. छताखाली बीम आणि कोपऱ्यांत कॉलमची कड दिसते का, तेही बघा. हे सगळं इथे लिहा.

ओसरी

जाडी साडेदहा इंच. वर बरोबर त्याच रेषेत मुलांच्या खोलीची भिंत आहे. बीम कुठेच दिसत नाही.

रेतीगिट्टी

मग ती भिंत जागची हलवायची नाही. वरच्या खोलीचं आणि स्लॅबचं ओझं तिच्यावर आहे. त्यात आपली काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो. हे हलणं सलग भिंती सांभाळून घेतात. मोठं भगदाड पाडलं की कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, आणि ती कितीदा बुजवली तरी पुढच्या मे महिन्यात परत उघडते.

तुमची गरज मात्र भिंत न काढताही भागते. वाढायची खिडकी काढा: ४ फूट रुंद, ३ फूट उंच. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४५ ते ४८ इंचांवर येतात. म्हणून खिडकीचा खालचा काठ ३६ इंचांवर ठेवा. ४२ वर नेलात तर ताटं सरकवता येतील, पण आतल्या माणसाचा चेहरा दिसणार नाही, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी? काठावर १४ इंच रुंद ग्रॅनाइटची पट्टी बसवा. आडव्या भिंतीच्या कोपऱ्यापासून खिडकी निदान २ फूट लांब हवी.

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून दाखवा. लोखंड किती, मनपाची परवानगी लागेल का, हे तोच सांगेल. कामाचा क्रम असा:

लिंटल, म्हणजे खिडकीवरची भिंत पेलणारी काँक्रीटची आडवी पट्टी, भिंतीत जागेवर ओतू नका. अंगणात साडेचार इंच रुंदीचे दोन वेगळे लिंटल ओता, प्रत्येक साडेपाच फूट लांब, म्हणजे दोन्ही बाजूंना ९-९ इंच भिंतीत टेकतील. प्रमाण १ सिमेंट, दीड रेती, ३ गिट्टी. २१ दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. म्हणजे संक्रांतीनंतर काम काढायचं तर हे आत्ताच ओतायला हवं. एक गोष्ट विसरू नका: ओलं असतानाच खिळ्यानं वरच्या अंगाला "वर" असं कोरून ठेवा. ताण घेणारं लोखंड खालच्या अंगाला असतं. गडबडीत लिंटल उलटा बसला, तर बाहेरून काहीच कळत नाही आणि लोखंड नको त्या बाजूला जातं.

मग दोन्ही खोल्यांत, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर, स्लॅबखाली आडवी बल्ली (जाड लाकडी वासा) आणि तिला टेके. टेक्याखाली फळी हवीच, नाहीतर फरशी फुटते. भिंतीच्या अर्ध्याच जाडीत खाच घ्या, पहिला लिंटल बसवा. त्याच्या आणि वरच्या विटांच्या मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटनं ठासून भरा. मिस्त्री लोक इथेच चुकतात, वरवर मसाला फासतात. फट राहिली तर वरची भिंत तेवढी खाली बसणार. तीन-चार दिवसांनी दुसऱ्या बाजूनं दुसरा लिंटल. त्यानंतरच खालच्या विटा काढायच्या, आणि त्याही छिन्नीनं. मोठा घण नको, हादऱ्यानं वरच्या विटांचे सांधे सुटतात. टेके कधी काढायचे हे मिस्त्रीनं नाही, इंजिनिअरनं सांगायचं.

चौरंग

ओट्याचं. सरळ उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून ४ ते ५ इंच वजा करा. ५ फूट ५ साठी हे ३६ च्या जवळ येतं, ४ फूट ११ साठी ३२ च्या. ३४ चा मधला आकडा दोघींना धकेल, पण तुमच्या घरात मला तेवढं पुरेसं वाटत नाही, कारण पोळ्या सासूबाई लाटतात.

३४ इंचांचा मुख्य ओटा करा आणि वाढायच्या खिडकीच्या खालीच ३ फूट लांबीचा तुकडा ३० इंचांवर उतरवा. त्याच्याखाली कपाट नको, पाय घालायला मोकळी जागा हवी, आणि १८ इंच उंचीचं पाठ असलेलं स्टूल. बसून लाटता येईल, गुडघ्यांवर भार नाही, आणि समोर खिडकीतून जेवणारी मंडळी. एरवी तिथे मुलं अभ्यासाला बसतात.

उंची नेहमी तयार फरशीपासून मोजायची. जुन्या फरशीवर नवी टाइल टाकणार असाल तर दीड-दोन इंच वर येतात. मिस्त्री जुन्या फरशीवरून ३४ मोजतो आणि हातात येतो ३२ चा ओटा. भिंतीवर पेन्सिलीनं दोन रेघा मारून घ्या, एक नव्या फरशीची, एक ओट्याच्या वरच्या पातळीची.

दगड काळा किंवा गडद ग्रॅनाइट, १८-२० मिलिमीटर. पांढऱ्या क्वार्ट्झचा मोह टाळा: हळद बसते, आणि त्यात रेझिन असल्यामुळे तापलेला तवा टेकला की डाग पडतो तो जात नाही. ओट्याची कड एक इंच बाहेर काढून तिच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारायला सांगा, म्हणजे सांडलेलं पाणी कपाटाच्या दारावरून न ओघळता खाचेपाशीच खाली टपकतं. सिंकखालचं कपाट पाण्यात टिकणाऱ्या ७१० ग्रेडच्या प्लायचं किंवा सरळ कडप्प्याचं. पार्टिकल बोर्ड तिथे फुगतो.

वारापाणी

ठसक्याचं उत्तर चिमणीत कमी आणि हवेच्या वाटेत जास्त आहे. खिडकी ४ बाय ३ ची असली तरी धूर जेवणाच्या खोलीत तेव्हाच येतो, जेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर जायला वाट नसते. पश्चिमेच्या खिडकीच्या वरच्या भागात ९ किंवा १२ इंचांचा एक्झॉस्ट लावा आणि मिरची तेलात पडायच्या आधी सुरू करा, नंतर नाही. चिमणी शेगडीच्या वर २६ ते ३० इंचांवर, नळी ६ इंचांची आणि शक्य तेवढी सरळ. प्रत्येक काटकोनी वळणावर ओढ कमी होते. एक वळण ठीक, तिसऱ्याला पैसे वाया.

उन्हाळ्यात याचा दुप्पट फायदा आहे. जेवणाच्या खोलीत कुलर चालू असेल, तर त्याची हवा वाढायच्या खिडकीतून आत येऊन एक्झॉस्टनं बाहेर जाईल. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पश्चिमेच्या स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. फक्त शेगडी त्या खिडकीच्या सरळ रेषेत ठेवू नका. कुलरच्या झोतानं ज्योत आडवी होते, भांडं काळं पडतं आणि मंद आच असेल तर विझतेसुद्धा. शेगडी निदान ३ फूट बाजूला घ्या.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडरच्या कपाटाला जमिनीलगत जाळी हवी. रबरी नळी दीड मीटरच्या आत, आणि दर ५ वर्षांनी नवी.

नळजोड

थोडक्यात सांगतो. सिंकच्या नळीला फुटामागे पाव इंच उतार, आणि कोपऱ्यात उघडता येणारं झाकण ठेवा. बेसनाचं खरकटं आणि तेल मिळून नळीत थर बसतो, झाकण नसेल तर फरशी फोडावी लागते. पाण्याची पाइप भिंतीत गाडल्यावर टाइल लावायच्या आधी दाब देऊन २४ तास ठेवा. टाइल लागल्यावर गळती सापडली तर सगळंच पुन्हा.

ओसरीत इंडक्शन लावणार असाल तर २००० वॉटची शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचाच सॉकेट द्या. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावली तर वायर वितळते.

सांभारवडी

आता पोटाचं बघू. एका शेगडीवर सहा जणांसाठी करायचं तर दोन भांड्यांचा स्वयंपाक विसरायचा. एका गंजात (पातेल्यात) होणारं आणि ताटात एकदाच वाढता येणारं करायचं. आपल्याकडे अशा पदार्थांची कमी नाही.

सकाळी उकडपेंडी. कांदा, मिरची, मोहरीच्या फोडणीवर २ वाट्या जाडसर कणीक मंद आचेवर १० मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजा. मग सव्वा वाटी आंबट ताक थोडं थोडं शिंपडत परता, ५ मिनिटं वाफ. ताक एकदम ओतलं की गुठळ्या होतात.

दुपारी वरणफळं. एक वाटी तुरीचं वरण आधी कुकरला, मग त्याच शेगडीवर फोडणी, ६ वाट्या पाणी, चिंच-गूळ. २ वाट्या कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे. वरण खळखळ उकळत असतानाच एकेक सोडा. उकळी बसली असताना टाकले तर सगळे एकमेकांना चिकटून गोळा होतो. १०-१२ मिनिटं. सासूबाईंना लाटायला बसवा, तुकडे सोडायला मुलांना घ्या, पण भांड्यापासून हातभर लांबून.

रात्री गोळाभात. ३ वाट्या तांदळाला दीड वाटी बेसन.

ओसरी

गोळाभाताचं सविस्तर सांगाल का? आमच्याकडे गोळे भातातच फुटतात आणि सगळा भात पिवळा चिकट होतो.

सांभारवडी

तीन कारणं असतात ताई. बेसन विकतचं, पावडरीसारखं बारीक, पीठ सैल, किंवा गोळे पाण्यात फार लवकर पडले.

चण्याची डाळ चक्कीवरून रवाळ दळून आणा. दीड वाटीला ३ मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ. मोहन पिठाला चोळून मूठ वळून पाहा. मूठ उघडल्यावर आकार टिकला पाहिजे आणि बोटानं दाबलं की मोडला पाहिजे. मोहन कमी पडलं तर गोळा दगडासारखा होतो, जास्त झालं तर विरघळतो. आता पाणी अगदी चमच्या-चमच्यानं, ४-५ चमचेच लागतात. लिंबाएवढे १५-१६ गोळे घट्ट वळा.

तांदळाला एरवीपेक्षा एक वाटी पाणी जास्त, कारण गोळेही पाणी पितात. तांदूळ अर्धे शिजून पाणी वर जेमतेम दिसत असताना, भाताला बारीक भोकं पडायला लागली की गोळे अलगद ठेवा आणि वरून थोडा भात ओढून झाका. झाकण, मंद आच, १५ मिनिटं. मध्ये चमचा घालायचा नाही, हलवलं की संपलं. खाताना गोळा भातात कुस्करून वर फल्ली (शेंगदाणा) तेलाची मोहरी-हिंग-लाल मिरचीची गरम फोडणी. सोबत चिंचेचं सार किंवा कढी. सार किंवा कढी दुपारीच करून ठेवा, म्हणजे रात्री शेगडी भाताला मोकळी.

आणखी एक. तुमचं काम जानेवारी-फेब्रुवारीत आहे, तेव्हा कॉटन मार्केटला हिरव्या तुरीच्या शेंगा भरपूर असतात. दोन किलो आणा. दाणे जेमतेम निम्मे निघतात. संध्याकाळी ओसरीत सगळ्यांनी मिळून सोलायला बसा. सासऱ्यांनाही हे बसल्या जागी जमतं. सोले, म्हणजे हे हिरवे दाणे, तेलावर डाग पडेपर्यंत परता, अर्धे लसूण, हिरवी मिरची आणि सांभारासोबत (कोथिंबिरीसोबत) जाडसर वाटा, कांद्याच्या फोडणीत सगळं एकत्र करून गरम पाणी घाला, १५ मिनिटं उकळा. गार पाणी घातलं तर दाणे कडक राहतात.

जवसाची चटणी आधीच डबाभर करून ठेवा, २५ दिवस आरामात टिकते. आणि धुळीचं बघा: स्वयंपाकघराच्या दाराला ओली चादर लावा, पिठाचे आणि पाण्याचे डबे वरच्या मजल्यावर न्या. टाइल कापायचं काम असेल त्या दिवशी स्वयंपाक सकाळी ९ च्या आत उरकून घ्या.

ओसरी

इंजिनिअर रविवारी येऊन राहिले आहेत. लिंटलसाठी अंगणात तुळशीच्या बाजूची जागा मोकळी केली आहे. चौरंग, ३० इंचांच्या तुकड्याला ग्रॅनाइटच लावायचा की पोळ्या लाटायला दुसरा दगड बरा?

चौरंग

तोच ग्रॅनाइट, पण त्या तुकड्यावर जोड येऊ देऊ नका, पीठ सांध्यात बसतं. आणि पुढची कड गोल घासून घ्या. बसून लाटताना मनगट तिथेच टेकतं.