मदत हवी आहे: डायोरामातली नदी दुधासारखी झालीय, रविवारी न्यायचंय

वाशिष्ठीकाठ (बुधवार, रात्री १०:५०)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. डायोरामा म्हणजे लढाईचा छोटा देखावा करतोय, त्यातल्या नदीसाठी रेझिन (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं द्रव) ओतून तीन दिवस झाले, अजून बोट चिकटतंय आणि रंग पार पांढरट आलाय. माणसं आत रुतलेली आहेत, त्यामुळे उचकटूनही टाकता येत नाही. दोन्ही काठ तयार आहेत. रविवारी सकाळी गावात माजी सैनिकांचा मेळावा आहे, तिथे ठेवतो असा शब्द दिलाय. उन्हात ठेवून झालं, हेअर ड्रायर मारून झाला. वरून अजून हार्डनर (रेझिन घट्ट करायला त्यात मिसळतात ते) ओतू का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, लवकर.

रंगारी_मिलिंद (रात्री ११:०४)
हार्डनर अजिबात ओतू नका. नुसतं हार्डनर वरून ओतल्याने खालचं वाळत नाही, उलट आणखी चिकट थर बसतो. आधी हे सांगा: रेझिन कुठलं, प्रमाण काय घेतलं, मोजलं कशाने, एका वेळी किती जाड ओतलं, खाली काय आहे, आणि रंग कशाने दिला?

भटका_सातारकर (रात्री ११:१०)
कुठली नदी? कुठलं युद्ध? फोटो टाका की.

आजीचा_किल्ला (रात्री ११:२२)
आम्ही लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यात नदी करायचो ती निळ्या जिलेटिन कागदाची, खाली आरसा ठेवून. गोणपाट चिखलात बुडवून डोंगरावर टाकायचं आणि त्यावर अळीव पेरायचे. चार दिवसांत हिरवंगार. रेझिन-बिझिनच्या नादी लागू नका, रविवारपर्यंत अळीव नक्की उगवतात. आज रात्रीच पेरा.

वाशिष्ठीकाठ (रात्री ११:३०)
दिवाळीचा किल्ला नाही हो, इटलीतली नदी आहे. सेनिओ. रेझिन दुकानदाराने दिलं ते, दोनास एक. औषधाच्या मापाच्या झाकणाने मोजलं. खाली थर्माकोल आणि त्यावर पीओपी. फोटो उद्या.

रंगारी_मिलिंद (रात्री ११:३८)
दोनास एक मापाने की वजनाने? बाटलीवर बघा. आणि रंग?

फौजी_वाचक (गुरुवार, सकाळी ६:१५)
सेनिओ म्हणजे ९ एप्रिल १९४५. १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री (म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन), ८ वी भारतीय डिव्हिजन. नामदेव जाधव. बरोबर ना? मग पहिल्याच वाक्यात सांगायचं होतं! अहो, या धाग्यावर पन्नास माणसं धावून आली असती.

कुर्ला_ते_कल्याण (सकाळी ८:०२)
जाधव नाही, घाडगे. यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. आमच्या माणगावला पुतळा आहे.

फौजी_वाचक (सकाळी ८:२०)
दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, दोघेही इटलीतच, पण लढाया वेगळ्या. नाईक यशवंत घाडगे ३/५ चे. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. शत्रूची चौकी एकट्याने घेतली आणि तिथेच पडले. त्यांचं थडगं सापडलेलं नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलंय. शिपाई नामदेव जाधव १/५ चे, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ते सेनिओवरून जिवंत परत आले आणि १९८४ पर्यंत आपल्यात होते.

वाशिष्ठीकाठ (सकाळी ८:४५)
हो, जाधवांचाच प्रसंग आहे. आमचे आजोबा १/५ मध्येच होते, त्या संध्याकाळी त्याच नदीच्या अलीकडच्या बांधामागे. रात्रीच्या जेवणानंतर सांगायचे. पाणी किती गार होतं ते नेहमी आधी, मग बाकीचं.
बाटली बघितली. "वजनाने" असं बारीक अक्षरात लिहिलंय. रंगासाठी पोरीचे पोस्टर कलर घातले, हिरवा आणि थोडा पिवळा. ३ सेंटिमीटर एकदमच ओतलं. स्केल १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग.

रंगारी_मिलिंद (सकाळी ९:१०)
सापडलं. एक नाही, तीन चुका एकत्र आल्यात.
रेझिन जड असतं, हार्डनर हलकं. वजनाचं प्रमाण झाकणाने मोजलं की हार्डनर कमी पडतं, म्हणून चिकट. पोस्टर कलर पाण्यातले, आणि एपॉक्सीत पाणी गेलं की ती पांढरी पडते. पीओपी पूर्ण सुकायला आठवडा लागतो, वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते, तिनेही भर घातली. पीओपीवर वार्निश मारून बंद केलं होतं का? नसणारच.
आता टूथपिक घ्या आणि तीन-चार ठिकाणी दाबून बघा. नुसता वरचा पापुद्रा चिकट असेल तर नीट मोजलेला पातळ थर वर ओतला की काम होईल. टूथपिक आत घुसत असेल तर ते कधीच वाळणार नाही, दहा दिवस उन्हात ठेवा नाहीतर महिनाभर. काढावंच लागेल.

डोंबिवली_मॉडेलर (सकाळी ९:४०)
मी दहा वर्षं सांगतोय, नवख्यांनी रेझिन वापरू नये. पारदर्शक सिलिकॉन घ्या, खिडक्यांच्या काचा बसवायला वापरतात ते. चमच्याच्या मागच्या बाजूने लाटा काढा, एका रात्रीत तयार. माझ्या तीन डायोरामात तेच आहे.

रंगारी_मिलिंद (सकाळी ९:५५)
सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि वर्षभरात त्यावर धूळ बसते ती कशानेही निघत नाही. समुद्राच्या फेसाला ठीक आहे, नदीला नाही.

डोंबिवली_मॉडेलर (सकाळी १०:०१)
माझ्याकडे काचेच्या पेटीत आहे, धूळ बसत नाही. आणि त्यांच्याकडे तीन दिवस आहेत, तुमच्याकडे असतील तसे तीस नाहीत.

गोदाकाठची_मीनल (सकाळी १०:१५)
एअरब्रश घ्यायचा असेल तर सोबत टाकीवाला कॉम्प्रेसर घ्या, टाकी नसलेला घेतला की रंग धक्क्याधक्क्याने येतो. मी आधी चुकीचा घेतला होता.

वाशिष्ठीकाठ (दुपारी १२:३०)
एअरब्रशचं विचारलं नव्हतं ताई, पण धन्यवाद.
टूथपिक आत जाते. मध्यभागी तर लोण्यासारखी. आता?

रंगारी_मिलिंद (दुपारी १२:४८)
काढा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. रंगकामाच्या पट्टीने खरवडून बाहेर ओढा. उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा. अ‍ॅसिटोनला हात लावू नका, प्लास्टिकची माणसं आणि थर्माकोल दोन्ही विरघळतील. अल्कोहोलने माणसांवरचा अ‍ॅक्रिलिक रंगही निघतो, तेव्हा त्यांच्यापासून लांब ठेवा. जी माणसं पाण्यात उभी आहेत ती पाण्याच्या रेषेवर सरळ कापा. बारीक करवतीने, ब्लेडने नको.

वाशिष्ठीकाठ (दुपारी १२:५५)
कापू? सहा माणसं रंगवायला माझा सगळा मार्च गेलाय.

परदेशस्थ_पुणेकर (दुपारी २:२०)
कापा. कारण सांगतो. मी बोलोन्याजवळ राहतो आणि अल्फोन्सिनेला सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे तिथे गेलो आहे, नदीवरही गेलो. शेतात उभं राहिलं की नदी दिसतच नाही. समोर फक्त मातीचा बांध, गवत वाढलेला, भिंतीसारखा. तो चढून वर गेलात की खाली चिंचोळं पात्र, आणि पलीकडे तसाच दुसरा बांध. पाणी तळ दिसणारं नाही. करड्या हिरव्या गाळाचं, चहात दूध कमी पडल्यासारखं.
तळ दिसणारच नसेल तर ३ सेंटिमीटर रेझिन कशाला? पात्राचा तळ वर उचला, गाळाच्या रंगाने रंगवा, त्यावर माणसाचा कमरेपासून वरचा भाग चिकटवा, आणि वर २-३ मिलिमीटर चकाकी. बघणाऱ्याला पाय पाण्यात आहेत असंच वाटेल.

रंगारी_मिलिंद (दुपारी २:३१)
हेच लिहायला बसलो होतो. २-३ मिलिमीटरला रेझिनसुद्धा नको, ग्लॉस वार्निशचे सहा-सात हात पुरतात, आणि शनिवारी रात्रीपर्यंत होतं. तळ उचलायला पीओपी वापरू नका, पुन्हा ओल येईल. फोम शीट कापून बसवा, वर फेविकॉल आणि टिश्यू पेपर. टिश्यू ओला असतानाच ब्रशने प्रवाहाच्या दिशेने ओढा, लहरी आपोआप येतात. थर्माकोलवर स्प्रेचा डबा मारू नका, खाऊन टाकतो.

डोंबिवली_मॉडेलर (दुपारी २:४०)
माणसांच्या भोवती पाणी फुटतं तिथे तरी सिलिकॉन लावा. तेवढं ऐका.

रंगारी_मिलिंद (दुपारी २:४४)
तेवढं मान्य. रंग आधी, सिलिकॉन शेवटी.

वाशिष्ठीकाठ (रात्री ९:१०)
खरवडून झालं. दोन तास लागले. एकाचा हात मोडला, चिकटवला. हे घ्या फोटो. लाल माती अंगणातलीच आहे, चाळून भाजून लावलीय.

परदेशस्थ_पुणेकर (रात्री ९:२५)
काम फार मन लावून केलंय तुम्ही, बांधाचा उतार अगदी तसा आहे. फक्त माती कोकणातली दिसते. पो नदीच्या मैदानातली माती जांभ्यासारखी लाल नाही, गाळाची आहे. सुकल्यावर फिकट करडी-तपकिरी, ओली झाल्यावर गडद. माती काढायची गरज नाही, वरून करड्या रंगाचा पातळ वॉश (भरपूर पातळ केलेला रंग) द्या आणि कोरड्या ब्रशने फिकट कडा काढा.

सह्यकडा (रात्री ९:३२)
१/३५ ला बांध किती उंच घेतलाय? फोटोत माणसाच्या दुप्पट दिसतो.

वाशिष्ठीकाठ (रात्री ९:३६)
११ सेंटिमीटर.

सह्यकडा (रात्री ९:४१)
म्हणजे बारा-तेरा फूट. वीस फूट धरलात तर साडेसतरा सेंटिमीटर हवेत. १/३५ चा सहा फुटी माणूस सव्वापाच सेंटिमीटरचा, बांध त्याच्या तिप्पट दिसला पाहिजे. जखमी माणूस खांद्यावर घेऊन तो चढ चढणं म्हणजे काय, ते त्या उंचीवरूनच कळतं.

रंगारी_मिलिंद (रात्री ९:४५)
गुरुवारी रात्री त्यांना बांध उंच करायला सांगू नका हो.

सह्यकडा (रात्री ९:४७)
खालून फोमचा एक थर सरकवायचा, एवढंच. दोन्ही काठ सुटे आहेत ना?

फौजी_वाचक (रात्री १०:०५)
फोटो मोठा करून पाहिला. तीन गोष्टी मनाला लागल्या म्हणून लिहितो, राग मानू नका.
पहिली. अर्ध्या चड्डीतली माणसं. ती आफ्रिकेच्या वाळवंटातल्या ब्रिटिश सैनिकांच्या किटमधली आहेत. एप्रिल १९४५ ला इटलीत आपले लोक लोकरीच्या पूर्ण बॅटलड्रेसमध्ये होते.
दुसरी. चेहरे किटच्या कागदावर दिलेत तसे गुलाबी रंगवलेत. हे सातारा, नगर, रत्नागिरीचे लोक आहेत. तपकिरीत पिवळी माती आणि किंचित लाल मिसळा.
तिसरी सर्वांत महत्त्वाची. बांधाच्या माथ्यावर हात उंचावून उभे आहेत ते जाधव ना? त्यांच्या हातात टॉमीगन (हातात धरायची छोटी मशिनगन) आहे. ती तिथे नको.

आजीचा_किल्ला (रात्री १०:१२)
फेटा पण हवा ना मराठा म्हणजे?

फौजी_वाचक (रात्री १०:३०)
नाही, पोलादी हेल्मेट. पगडी शीख पलटणींची.
टॉमीगनचं सांगतो. त्या दुपारी आधी विमानांनी बॉम्ब टाकले, मग तोफा, मग ज्वाला फेकणाऱ्या गाड्या, आणि संध्याकाळी कंपन्या पाण्यात उतरल्या. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या, कंपनी कमांडरच्या बरोबरच. पलीकडे सुरुंग पेरलेला काठ, आणि मागून, अलीकडच्याच बांधाच्या नदीकडच्या उतारावरून, तीन मशिनगन. कमांडर आणि आणखी दोघे जखमी, बरोबरचे बाकीचे ठार. जाधवांनी आधी एकाला उचलून पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांतून अलीकडे आणलं. मग परत जाऊन दुसऱ्याला. मग तिसऱ्यांदा गेले ते एकटे. पहिली मशिनगन टॉमीगनने गप्प केली. तिथे हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना म्हणून ती फेकून दिली आणि पुढच्या दोन चौक्या हातगोळ्यांनी घेतल्या. मध्ये गोळे संपले तेव्हा सरपटत माथ्यावर येऊन आपल्या लोकांकडून आणखी घेतले. हे सगळं झाल्यावर ते बांधावर उभे राहिले आणि शिवाजी महाराजांचा जयघोष करत उरलेल्यांना बोलावलं. उखळी तोफा चालूच होत्या. तेव्हा त्यांच्या हातात बंदूक असूच शकत नाही.

कुर्ला_ते_कल्याण (रात्री १०:४४)
हे वाचून अंगावर काटा आला. घाडगे-जाधव घोळ केला त्याबद्दल माफी.

जुना_शिलेदार (रात्री ११:०५)
लोंगेवालाचा डायोरामा करायचा आहे, वाळू कुठली घ्यावी?

रंगारी_मिलिंद (रात्री ११:०९)
वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

वाशिष्ठीकाठ (शुक्रवार, पहाटे १:२०)
चड्ड्यांचं काय करू? सहा माणसं आहेत, नवीन किट येईपर्यंत मेळावा होऊन जाईल.

गोदाकाठची_मीनल (सकाळी ७:०५)
एम-सील. मी गणपतीच्या आरासीतली माणसं अशीच करते. दोन्ही भाग मळा, पाण्याचं बोट लावून पातळ लाटा, गुडघ्याभोवती गुंडाळा, सुईने चुण्या पाडा. तासाभरात कडक होतं. पाण्यातल्या माणसांचे तर पाय कापलेच आहेत, त्यामुळे काठावरचे दोनच उरले ना?

वाशिष्ठीकाठ (सकाळी ७:२०)
खरंच की, दोनच. ताई, हे सुचलंच नव्हतं. धन्यवाद.

वाशिष्ठीकाठ (शनिवार, रात्री ११:४०)
तळ उचलला, टिश्यू लावला, करडा-हिरवा रंग, वार्निशचे पाच हात झाले, सहावा सुकतोय. कडेला सिलिकॉनही लावलंय, डोंबिवलीकर. बांध फोम सरकवून साडेपंधरावर नेला, त्याहून उंच पेटीत मावत नाही. चेहरे परत रंगवले. आईने बघितलं आणि एकाकडे बोट दाखवून म्हणाली, हा तुझे आजोबा.
टॉमीगन काढली. मनगटातून कापावी लागली, आता पंजा उघडा आहे. बंदूक पायाशी टाकू का? आणि जखम उजव्या हाताला की डाव्या?

फौजी_वाचक (रात्री ११:५२)
पायाशी नको. ती पहिल्या मशिनगनपाशी टाकली होती, खालच्या उतारावर. तिथेच ठेवा, पट्टा चिखलात. पदकाच्या मानपत्रात फक्त "हाताला" एवढंच आहे. जो हात तुम्ही वर केलाय तो तसाच मोकळा राहू दे, दुसऱ्याच्या तळव्यावर थोडा गडद लाल. फार नको.

वाशिष्ठीकाठ (रविवार, पहाटे १२:१५)
ठेवली. सकाळी सहाला निघतोय. पेटी मांडीवर घेऊन बसणार, गाडी भाऊ चालवेल.