आजीचे चरित्र लिहिताना ते आजोबांच्या नोकरीचे चरित्र होऊ नये, यासाठी काय करावे?

देवळालीची नात

नमस्कार. पुढील महिन्यात माझ्या आजीचे वर्षश्राद्ध आहे आणि त्या दिवशी नातलगांना देण्यासाठी तिच्या आयुष्यावर सोळा पानांची पुस्तिका काढण्याचे आम्ही नातवंडांनी ठरवले आहे. आजोबा तोफखान्यात हवालदार होते. पहिला मसुदा वाचताना लक्षात आले की, त्यातील अकरा पाने त्यांच्या बदल्यांनी आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांनी व्यापली आहेत, आणि आजीच्या वाट्याला ‘समर्थ साथ दिली’ व ‘त्यागमूर्ती’ एवढेच शब्द आले आहेत. सिन्नरजवळच्या सासरी राहून तिने तीन मुले वाढवली, आणि आजोबा सीमेवर असताना नाशिक रोडला दोन खोल्यांचे घर स्वतः उभे राहून बांधून घेतले. आम्हाला मात्र ती भाकऱ्या थापता थापता पाढे म्हणवून घेणारी आजी म्हणूनच आठवते. तिने स्वतः लिहिलेले काहीही घरात सापडत नाही. सुरुवात कोठून करावी?

निवृत्त सुभेदार, नाशिक रोड

ताई, आजीचे कागद आजीच्या कपाटात शोधू नका, आजोबांच्या ट्रंकेत शोधा. फिल्ड एरियात, म्हणजे सीमेकडच्या तैनातीच्या भागात, कुटुंब नेता येत नसे आणि पत्राच्या पत्त्यावर गावाचे नाव नसे. नाव, नंबर, युनिट आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढेच लिहायचे. पत्रे अडकून पडत आणि मग एकदम चार-पाच हाती येत, म्हणून आमच्यापैकी अनेकजण पत्राच्या डोक्यावर क्रमांक टाकत. आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा. मनिऑर्डर घरी पोहोचली की पोस्टमन घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेई आणि ती पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जाई. पैसे घरी पोहोचल्याचा तोच पुरावा असल्यामुळे आम्ही त्या पावत्या जिवापाड जपत असू.

एका जवानाची पत्नी

बाळ, ‘साथ दिली’ हे शब्द जेथे जेथे आले असतील तेथे ते खोडून त्या दिवशी आजीने काय केले ते लिही. वाळूचा भाव कोणी ठरवला, मुलाला शाळेत घालताना पालक म्हणून सही कोणी केली, सासऱ्यांच्या आजारपणात बैलगाडी कोणी जुंपायला लावली, हे गावातील वृद्ध माणसांना अजून आठवत असेल. ती माणसे आहेत तोवर त्यांना भेटून ये.

मात्र आजोबांची पाने फार कापू नकोस, असे मला मनापासून वाटते. १७ डिसेंबर १९७१ च्या रात्री आठ वाजता पश्चिम सीमेवर युद्धविराम झाला, तो आम्ही रेडिओवर ऐकला, पण ह्यांचे खुशालीचे पत्र हाती आले ते संक्रांतीच्या सुमारास. मधल्या दिवसांत तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की मी हातातले पीठ तसेच ठेवून दाराशी जाई आणि तो पुढच्या घराकडे गेला की हायसे वाटे. त्या हायसे वाटण्याची आजही मला लाज वाटते, कारण पुढच्या घरातही कोणाचा तरी मुलगा फौजेतच होता. हे युद्ध तुझ्या आजीच्याही आयुष्यातले आहे. ते स्वयंपाकघरातून लिही.

देवळालीची नात

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल काकांच्या घरी जाऊन आजोबांची काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आहे आणि आत, घड्या घातलेल्या गणवेशाखाली, सुतळीने बांधलेल्या पोचपावत्यांचा गठ्ठा निघाला. सुरुवातीच्या सगळ्या पावत्यांवर अंगठा आहे, शाई पसरलेली. पुढे एका पावतीवर अंगठ्याशेजारी तिच्या नावाची फक्त दोन अक्षरे आहेत. त्यानंतरच्या पावतीवर पूर्ण नाव आहे, आडनाव जागा न पुरल्यामुळे कागदाच्या कडेने वर चढलेले. आजी लिहायला शिकली केव्हा आणि कोणाकडून, हे काकांनाही ठाऊक नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, ते स्वतः त्या सुमारास पाटीवर अक्षरे गिरवत होते आणि आई रात्री चुलीपाशी ती पाटी मागून घेत असे.

पुस्तिकेचे पहिले पान आता त्या तीन पावत्यांचे असेल. रविवारी सिन्नरला जात आहे.